ताबा नोटिशीत ती एक ओळ का नसते?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर ताबा नोटिसा येतात ना, कर्ज थकलं म्हणून घराचा ताबा घेतला असं सांगणाऱ्या, बारीक अक्षरात, चौकटीत, वर बँकेचं नाहीतर फायनान्स कंपनीचं नाव, खाली कर्जदार सहकर्जदार जामीनदार, आणि मग घराच्या चतुःसीमा, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर. मी आधी ते पान डब्यांखाली घालायला वापरायचे (माझी पोळीभाजीच्या डब्यांची लाईन आहे, एमआयडीसीतल्या पोरांना डबे देते). मग एके दिवशी त्या चौकटीत माझंच नाव आलं. सहकर्जदार म्हणून. आमच्या गल्लीत तुमचा पेपर सात घरी येतो, त्या दिवशी सातही घरांनी ते पान वाचलं असणार, कारण एरवी गप्पा मारणाऱ्या बायका दोन दिवस माझ्याशी फार जपून बोलत होत्या.

हे पत्र रडगाणं म्हणून लिहीत नाहीये. एकच मुद्दा आहे, की या कारवाईवर कुठे आणि किती दिवसांत दाद मागायची ती एक ओळ ताबा नोटिशीत नसते, पण तो नीट सांगायचा तर आधी काय झालं ते सांगावं लागेल, तेव्हा पत्र लांबलं तर कापा पण मधलं कापू नका.

२०१८ ला आम्ही १६ लाखांचं घरकर्ज काढलं, एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडून. नाव सांगत नाही. मिस्टरांचं लेथ मशीनचं जॉबवर्क, त्यात आयटी रिटर्न असून नसल्यासारखं, मोठ्या बँकेने दारातूनच परत पाठवलं म्हणून या कंपनीकडे गेलो. लॉकडाऊनमध्ये हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली तेव्हा बरं वाटलं, पण व्याज चालूच होतं हे नंतर कळलं. मग मे २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, वाढवायला सुरुवात केली, ४ टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा, आणि आमचा हप्ता तेवढाच राहिला म्हणून आम्ही खुश, प्रत्यक्षात हप्ता तोच ठेवून मागे वर्षं वाढवलेली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. त्यातच मिस्टरांची अँजिओप्लास्टी झाली, शेड तीन महिने बंद, आणि चार हप्ते थकले.

९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचं खातं, होतं. हे आता मी झोपेत पण सांगेन. तेव्हा माहीत नव्हतं. वसुलीचा पोरगा यायचा, चांगला होता बिचारा, काकू दोन हप्ते तरी भरा बाकीचं मी बघतो म्हणाला, आम्ही इकडून तिकडून करून दोन भरले आणि समजलो की गाडी रुळावर आली. तसं नसतं. एकदा खातं एनपीए झालं की सगळी थकबाकी भरल्याशिवाय ते परत चांगल्या खात्यात येत नाही, रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे आमचे ते दोन हप्ते पाण्यात गेले असं नाही, कर्जातून वजा झाले, पण घर वाचवायच्या दृष्टीने त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.

मग ती नोटीस आली जिला सगळे तेरा दोनची नोटीस म्हणतात. सरफेसी कायदा २००२, म्हणजे बँकांना कोर्टात न जाता गहाण घर घेऊन वसुली करू देणारा कायदा, त्याचं कलम १३, पोटकलम २. सहा पानं इंग्रजी, ६० दिवसांत पूर्ण रक्कम भरा, १५ लाख ४३ हजार आणि वर व्याज. थकले चार हप्ते, मागतात सगळं कर्ज. मिस्टरांनी ती कपाटात टाकली. बऱ्याच घरांत हेच होतं, बाई माणसाला सांगायचं नाही, तिला टेन्शन नको. माझं नाव सहकर्जदार म्हणून होतं म्हणून मला वेगळं रजिस्टर आलं, नाहीतर मला पेपरातच कळलं असतं.

आमच्या समोरचे काका सहकारी बँकेतून रिटायर झालेत, त्यांना वाचायला दिली. ते म्हणाले याला उत्तर देता येतं, हरकत घ्या, आणि हरकत आली की पंधरा दिवसांत त्यांनी कारणासकट उत्तर द्यायचं असतं. मी वहीच्या पानावर मराठीत लिहिलं, हॉस्पिटलची फाईल जोडली, की आम्ही बुडवे नाही, थकलेलं सहा महिन्यांत भरतो, मुदत किती वाढवली त्याचा हिशोब द्या, आणि स्टेटमेंटमध्ये व्हिजिट चार्जेस म्हणून नऊ वेळा पैसे लावलेत ते कसले ते सांगा. रजिस्टर एडीने पाठवलं. ती गुलाबी पोचपावती परत आली ती मी देवघरात ठेवली, आणि खरं सांगते, त्या देवघरातल्या बाकी कुठल्याही गोष्टीपेक्षा पुढे तीच कामाला आली. उत्तर मात्र आलं नाही.

चार महिन्यांनी दोन माणसं आली, दाराला कागद चिकटवला, फोटो काढला आणि गेली. घरातून बाहेर काढलं नाही, कुलूप नाही. याला सांकेतिक ताबा म्हणतात. म्हणजे कागदोपत्री घर त्यांच्या ताब्यात, आत आपणच पोळ्या लाटतोय. नियम असा आहे की सात दिवसांच्या आत हीच नोटीस दोन पेपरांत छापायची, त्यातला एक स्थानिक भाषेतला. तो स्थानिक भाषेतला म्हणजे तुम्ही.

आता माझा मुद्दा.

ताबा घेतल्याच्या तारखेपासून ४५ दिवसांत कर्जदार कर्ज वसुली न्यायाधिकरणात, म्हणजे डीआरटीत, अर्ज करू शकतो. त्याच कायद्याचं कलम १७. हा काही उपकार नाही, हक्क आहे, आणि सरफेसीत सामान्य माणसाला दाद मागायला जे काय दार आहे ते हेच. साध्या दिवाणी कोर्टात जाता येत नाही, कलम ३४ ने ते बंद केलंय. हायकोर्टात रिट करावी तर आधी डीआरटीत जा असं सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगितलंय. बँकेला मात्र घर घ्यायला आधी कुठल्याही कोर्टात जावं लागत नाही. म्हणजे आपल्याकडे उलटं आहे बघा, ज्याच्याकडे वकिलांची फौज त्याला कोर्टाची गरज नाही, आणि ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत त्याने कोर्टात जायचं.

बरं, जायचं तर जायचं. पण ताबा नोटिशीचा जो सरकारी नमुना ठरवून दिलाय, नियमांच्या मागे जोडलेला, त्यात हे ४५ दिवस लिहिलेलेच नाहीत. तुमचाच पेपर काढून बघा. कर्जदाराने रक्कम भरली नाही, ताबा घेतला आहे, जनतेने या मिळकतीचा व्यवहार करू नये, आणि शेवटी एक वाक्य की कलम १३ पोटकलम ८ कडे कर्जदाराचं लक्ष वेधण्यात येतं. ते पोटकलम काय तर पैसे भरून घर सोडवायची मुदत. म्हणजे पैसे भरायचा रस्ता दाखवलाय, दाद मागायचा नाही. कलम १७ चा शब्द नाही. कुठे अर्ज करायचा, किती दिवसांत, फी किती, काही नाही. वीज कंपनी बिलावर तक्रार निवारणाचा पत्ता छापते, आणि इथे माणसाचं घर चाललंय.

आणि ते जे पोटकलम ८ आहे ना त्यातही खोच आहे. २०१६ ला दुरुस्ती झाली आणि २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने बाफना मोटर्सच्या केसमध्ये सांगून टाकलं की लिलावाची जाहिरात प्रसिद्ध झाली की सोडवायचा हक्क संपला. पूर्वी लोक लिलावाच्या दिवशी, त्यानंतर सुद्धा, पैसे घेऊन धावत जायचे. आता जाहिरात छापून आलेल्या सकाळी सगळी रक्कम बॅगेत घेऊन गेलात तरी हक्क म्हणून काही मागता येत नाही. ही जाहिरात पण तुमच्याच पेपरात येते, ताबा नोटिशीच्या शेजारी, आणि लोकांना दोन्ही सारख्याच दिसतात.

मला ४५ दिवसांचं कसं कळलं तर उशिरा. पहिले दोन आठवडे मी भलत्यांचं ऐकत होते. एक जण म्हणाला कलेक्टरला अर्ज द्या. अहो कलेक्टर तर या कायद्यात कंपनीला प्रत्यक्ष ताबा मिळवून द्यायचं काम करतो, कलम १४, तिथे आपलं म्हणणं ऐकायची सोयच नाही. दुसरा म्हणाला अजून घरात राहताय ना, कुलूप लावायला येतील तेव्हा बघू. हा सल्ला सगळ्यात घातक आहे, कारण घड्याळ तर कागद चिकटवल्यापासूनच चालू होतं. अलाहाबाद हायकोर्टाने एकदा असंच म्हटलेलं की प्रत्यक्ष बाहेर काढल्याशिवाय डीआरटीत येऊ नका, ते सुप्रीम कोर्टाने २०१८ ला हिंदॉन फोर्जच्या केसमध्ये उलटवलं, सांकेतिक ताब्याच्या नोटिशीवरच जाता येतं म्हणून. तिसरा एक एजंट आला, स्टे आणून देतो म्हणाला, पन्नास हजार रोख, पावती नाही. मी म्हटलं एवढे असते तर हप्ते नसते भरले का.

एका खऱ्या वकिलांकडे पण गेले, त्यांनी चाळीस हजार आणि प्रत्येक तारखेचे वेगळे सांगितले. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, डीआरटी आमच्यापासून पाच तासांवर, त्यांचा आख्खा दिवस जातो. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर एवढ्याच ठिकाणी ही न्यायाधिकरणं आहेत, तालुक्याच्या कोर्टासारखं डबा घेऊन सायकलवर जाण्याचं काम नाही. निघताना तेच वकील म्हणाले, ताई कायद्याने तुम्ही स्वतः पण उभ्या राहू शकता. बहुतेक सहज म्हणाले असतील. मी ते धरलं.

फी आधी सांगते कारण सगळ्यांना वाटतं लाखभर लागते. कर्जदारासाठी, येणं १० लाखांच्या आत असेल तर दर लाखाला ५०० रुपये. १० लाख किंवा वर असेल तर ५ हजार आणि १० लाखांच्या वरच्या प्रत्येक लाखाला किंवा त्याच्या भागाला २५० रुपये, कितीही मोठं कर्ज असलं तरी १ लाखाच्या वर नाही. माझे १५ लाख ४३ हजार म्हणजे साडेसहा हजार रुपये झाले. सुरुवातीच्या कायद्यात तर आधी ७५ टक्के रक्कम भरा मग तुमचं ऐकू अशी अट होती, ती सुप्रीम कोर्टाने २००४ ला मार्डिया केमिकल्सच्या निकालात रद्द केली. ती अट असती तर माझ्यासारख्यांनी त्या इमारतीची पायरी पण चढली नसती. (अपिलाला मात्र अजूनही येण्याच्या ५० टक्के आधी भरावे लागतात, कमी करून २५. म्हणून पहिल्या पायरीवरच नीट लढा.)

अर्ज लिहिणं हे खरं काम. सगळं इंग्रजीत. माझा पोरगा डिप्लोमाला आहे, त्याने आणि काकांनी बसून लिहिलं, तारीखवार, कुठल्या तारखेला काय झालं एवढंच. मराठी कागदांचं भाषांतर, पानांना नंबर, अनुक्रमणिका, प्रत्येक पानावर सही, मग स्कॅन, मग ई-फायलिंग. झेरॉक्सवाल्याकडे तीन संध्याकाळ गेल्या. पीडीएफ चढेना, फाईल मोठी म्हणून, मग तुकडे केले. एकदा त्रुटी काढून परत आलं, अनुक्रमणिकेतले पान नंबर जुळत नव्हते. ४१ व्या दिवशी नंबर पडला. चार दिवस हातात होते. माझ्याकडे पोरगा होता, काका होते. ज्या घरात दोन म्हातारीच माणसं आहेत त्यांनी काय करायचं.

पहिल्या तारखेला मी पहाटेच्या एसटीने गेले. तिथे मी एकटीच साडीतली आणि हातात प्लॅस्टिकची पिशवी असलेली, बाकी सगळे काळे कोट. शिपायाने विचारलं कुणाकडे आलात, वाटलं असेल कुणाची तरी आई आहे. बोर्डावर नंबर कसा बघायचा ते तिथल्याच एका तरुण वकील मुलीने दाखवलं, आपलं नाव पुकारलं की पुढे जायचं, कंपनीचे वकील बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, आणि साहेब विचारतील तेवढंच सांगायचं, घरची कहाणी नाही. ही शेवटची सूचना लाखमोलाची होती, कारण मी कहाणीच पाठ करून गेले होते.

साहेबांनी विचारलं वकील कुठे. म्हटलं वकील नाही, मीच आहे. हिंदीत म्हटलं, ते पण मोडक्या. त्यांनी अर्ज चाळला आणि म्हणाले हरकत पाठवली त्याचा पुरावा? मी गुलाबी पोचपावती दिली. कंपनीच्या वकिलांनी सांगितलं की उत्तर ईमेलने पाठवलंय. कुठला ईमेल? तर कर्ज काढताना त्यांच्याच एजंटने फॉर्म भरायला मिस्टरांच्या नावाने एक ईमेल उघडला होता, त्याचा पासवर्ड त्या एजंटला माहीत, आम्हाला असा काही पत्ता आहे हेच माहीत नाही. हे सांगितल्यावर क्षणभर कुणीच बोललं नाही. मग साहेबांनी त्या ईमेलची प्रत आणायला सांगितली आणि मला विचारलं तीन आठवड्यांत किती भरता. मी २ लाख म्हणाले. कुठून म्हणाले ते देवालाच ठाऊक. आदेश तोच झाला, २ लाख भरा, तोवर पुढची कारवाई नको.

दोन पाटल्या आणि भावाचे पैसे. भरले. कंपनीला ती ईमेलची प्रत काही सापडली नाही, पुढे दोन-तीन तारखांनंतर तेच तडजोडीला तयार झाले, नऊच्या नऊ व्हिजिट चार्जेस काढले, थकबाकी दोन टप्प्यांत भरायची ठरली आणि त्यावर केस निकाली निघाली. सगळं मिळून अकरा महिने. कायद्यात ६० दिवसांत आणि फार तर चार महिन्यांत निकाल द्या असं लिहिलंय. पण तिथे खुर्चीवर माणूस असेल तर ना. २०२१ मध्ये तर देशभर इतक्या न्यायाधिकरणांत पीठासीन अधिकारीच नव्हते की शेवटी सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ही प्रकरणं सध्या हायकोर्टांनी ऐकावीत.

आता कुणी असं समजू नका की बाई एकटी गेली आणि जिंकून आली. जिंकले वगैरे नाही, कर्ज जसंच्या तसं आहे, हप्ते २०३६ पर्यंत आहेत. आणि पोचपावती नसती तर माझ्याकडे म्हणण्यासारखं फार थोडं होतं. हरकतीला उत्तर देणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१८ ला ब्लू कोस्ट हॉटेल्सच्या निकालात म्हटलंय खरं, पण त्याच निकालात त्या हॉटेलवाल्यांना त्याचा फायदा मिळाला नाही, कारण त्यांनी कर्ज देणाऱ्या संस्थेकडून मुदतीवर मुदत घेतलेली. म्हणजे कलम आपल्या बाजूने असून पण भागत नाही, आपण कसे वागलो ते बघतात. व्हॉट्सॲपवर फिरतं की बँकेकडे ओरिजिनल कागद मागा, कर्ज माफ होतं, असलं काही होत नाही. डीआरटी कर्ज माफ करत नाही. बँकेने नियमाने केलं का एवढंच बघते, नोटीस पोचली का, हरकतीला उत्तर दिलं का, हिशोब बरोबर का, मूल्यांकन मान्यताप्राप्त माणसाकडून केलं का, विक्रीआधी ३० दिवसांची नोटीस दिली का. पण सामान्य माणसाकडे तेवढंच असतं, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं वकिलाशिवाय सांगता येतं, कारण त्या तारखा आपल्याच घरात घडलेल्या असतात.

शेतजमिनीला हा कायदा लागत नाही, आणि १ लाखापर्यंतच्या कर्जाला पण नाही, आणि राहिलेलं येणं मुद्दल आणि व्याजाच्या २० टक्क्यांच्या खाली असेल तरी नाही, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं. सहकारी बँकांना लागतो. त्यावर वर्षानुवर्षं वाद होता, तो आपल्याच मुरगूडच्या विश्वासराव पाटील सहकारी बँकेच्या केसमध्ये २०२० ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी मिटवला. पतसंस्थेचं वेगळं, तिथे सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला, तो दुसरा विषय आहे.

माझ्या चुलतबहिणीची मुलगी न्यू जर्सीला असते. तिला मी फोनवर फोरक्लोजर फोरक्लोजर म्हणत होते, कंपनीच्या एका पत्रात तो शब्द होता म्हणून, ती घाबरलीच. आपल्याकडे फोरक्लोजर म्हणजे कर्ज मुदतीआधी फेडून टाकणं, पेढे वाटायची गोष्ट, आणि तिकडे फोरक्लोजर म्हणजे बँक घर घेते ते. तिच्याकडून कळलं की त्यांच्या राज्यात घर घ्यायचं तर बँकेला कोर्टात केस टाकावी लागते, घरमालकाला समन्स येतं, उत्तर द्यायला ३५ दिवस असतात, आणि वकील नसेल त्याने उत्तर कसं लिहायचं त्याचे छापील फॉर्म कोर्टच देतं, शिवाय बँकेला समोर बसवून मध्यस्थी. सगळ्या अमेरिकेत असं नाही म्हणे, टेक्सास कॅलिफोर्नियात बहुतेक घरं कोर्टाबाहेरच जातात. आणि तिकडच्या बँकांचं कौतुक नकोच, २००८ च्या मंदीनंतर उघड झालं की त्यांचे कर्मचारी न वाचता दिवसाला शेकडो प्रतिज्ञापत्रांवर सह्या ठोकत होते, २०१२ ला पाच बड्या बँकांना ४९ राज्यांशी आणि केंद्र सरकारशी २५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. पण तो फॉर्म. तेवढा एक फॉर्म माझ्या डोक्यातून जात नाही. रिकाम्या जागा भरा, नोटीस कधी मिळाली, हरकत घेतली का, कशाबद्दल तक्रार आहे. मराठीत. हे करायला कुठला कायदा बदलावा लागतो? ग्राहक आयोगात बघा, तिथे लोक स्वतः उभे राहतात, मराठीत तक्रार देतात, ५ लाखांपर्यंत फी पण नाही, आणि तिथला विषय बऱ्याचदा बिघडलेला फ्रीज असतो.

आणि शेवटी मला सगळ्यात जास्त चीड आली ती गोष्ट. केस निकाली निघाल्यावर एकदा तालुक्याच्या कोर्टात दुसऱ्याच कामाला गेले, तिथे भिंतीवर विधी सेवा समितीचा बोर्ड. बाईला मोफत वकील मिळतो. कुठल्याही बाईला. उत्पन्नाची अट बायकांना नाहीच, १९८७ चा कायदा आहे. अनुसूचित जाती जमातीच्या लोकांना, अपंगांना पण तसाच, बाकीच्यांना राज्यात वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. आणि त्या कायद्यात कोर्ट या शब्दात ट्रायब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण, पण धरलेलं आहे. १५१०० हा फुकटचा नंबर आहे. मी अकरा महिने पाच तास जात होते पाच तास येत होते, आधी रात्री तीनला उठून डबे करून. कुणी म्हणजे कुणीच सांगितलं नाही, ना कंपनीच्या नोटिशीने, ना ई-फायलिंगच्या वेबसाईटने, ना त्या वकिलांनी, आणि मी पण विचारलं नाही कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं.

म्हणून सरकारकडे मागणं एवढंच आहे की ताबा नोटिशीच्या नमुन्यात एक ओळ वाढवा, की या कारवाईवर ४५ दिवसांत अमुक न्यायाधिकरणात कलम १७ खाली अर्ज करता येतो, स्वतः किंवा वकिलामार्फत, आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००. नियम दुरुस्तीचं काम आहे, दिल्लीत कुणीतरी बसून एका दुपारी करेल. आणि प्रत्येक न्यायाधिकरणात विधी सेवेचं एक टेबल आणि त्या टेबलावर मराठी फॉर्म.

पण दिल्लीला वेळ लागेल, तुमच्याकडे तर नोटिसा रोज येतायत. त्या नोटिशीच्या जाहिरातीचे पैसे शेवटी कर्जदाराच्याच खात्यात खर्च म्हणून लावतात, आमच्या स्टेटमेंटमध्ये लावले होते, म्हणजे एका अर्थी ती जाहिरात मीच दिली होती. त्याच पानावर, त्या चौकटींच्या खाली, चार ओळींचा एक छोटा बॉक्स तुम्ही छापू शकाल का, रोज नाही जमलं तर ज्या दिवशी ताबा नोटिसा असतील त्या दिवशी. मजकूर वरच्या परिच्छेदात आहे तोच चालेल. मी तुमच्या इथल्या जाहिरात प्रतिनिधीकडे चौकशी केली होती, की मी पैसे भरून छापला तर किती पडतील. त्यांनी सेंटिमीटरवर हिशोब करून आकडा सांगितला, तो माझ्या जवळजवळ एका हप्त्याएवढा होता, आणि या महिन्याचा अजून भरायचाय, म्हणून पत्र लिहिलं.

आपली,
एक सहकर्जदार
(नाव पत्ता सोबत दिला आहे, कृपया छापू नये)